मोजणीची चौकट

मोजणीच्या बाई दर महिन्याला यायच्या, आणि त्या येणार असल्या की आदल्या दिवशी ती डोंगरावर जाऊन चौकट साफ करून यायची. तीन वर्षांत हा नेम तिनं एकदाही चुकवला नव्हता. पहिल्या खेपेलाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "शिकलेली माणसं येणार, वाकून वाकून गवत बघणार. त्यांचे पाय आपल्या गुरांच्या शेणात पडले तर बरं दिसेल का? जा, उचलून आण जरा." आणि ती गेली होती. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण अंगण झाडतो, तसंच हे. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

चौकटी दोन होत्या. डोंगराच्या पाठीवर, शेजारी शेजारी, वीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद. एकीला छातीइतकं उंच जाळीचं कुंपण होतं आणि तिच्यात गुरांना मज्जाव होता. दुसरीला चार कोपऱ्यांत फक्त लाल रंगाच्या खुंट्या. तिच्यात गुरांनी रोजच्यासारखं चरायचं. घरात पहिलीला बंद चौकट म्हणत आणि दुसरीला खुली चौकट.

खुल्या चौकटीत ती एका कडेनं सुरुवात करायची. ओलं शेण दोन्ही ओंजळींनी, अर्धवट सुकलेलं बोटांनी खरवडून, आणि अगदी वाळलेलं, ज्याखाली किडे वळवळत असायचे, ते नुसतं उलटून पाटीत. वाकून वाकून कंबर धरली की उभी राहायची, खालच्या घराच्या पत्र्याकडे बघायची आणि पुन्हा वाकायची. पाटी भरली की डोक्यावर. उतारावर गुडघे करकरायचे. शेण तिथंच कडेला फेकून देता आलं असतं, पण एवढं वर चढून आल्यावर रिकाम्या हातानं उतरायचं तिच्या जिवावर यायचं. घरी गोवऱ्यांना होत होतं.

त्या दिवशी शेवटची मोजणी उद्यावर आली होती. नवरा थोडा वर, खडकाला टेकून गुरांकडे बघत उभा होता. अकरा गुरं पांगून चरत होती. गवत करडं पडलं होतं आणि वारा कोरडा होता.

"झाली का साफ?" त्यानं विचारलं.

"झाली. आज फारच होतं. तुमची मुकादमीण तिथंच मुक्काम ठोकते की काय?"

"तिला कळतं परीक्षा कुठं आहे ते."

मुकादमीण म्हणजे कळपातली सगळ्यात थोराड गाय. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की ती पुढं, बाकीच्या दहा मागं. कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, केव्हा उतरायचं, हे ती ठरवायची. नवऱ्याच्या हातात काठी असायची, पण ती टेकायला. जनावरावर उचलताना ती कुणी बघितली नव्हती.

गावात त्याला 'वकील' म्हणत. गुरांचा वकील. ते नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. तीन-चार वर्षांपूर्वी पेपरात यायला लागलं, की गाई ढेकर देतात त्यातून एक वायू बाहेर पडतो आणि त्यानं जग तापतं. डोंगर चरून उघडे पडतात ते वेगळंच. वर्षाआड पाऊस दगा देत होता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि लोकांना कुणीतरी गुन्हेगार हवाच होता. गावसभेत वरचा डोंगर गुरांना बंद करायचा विषय निघाला. तोवर बाकीच्यांनी गुरं विकून टाकलेली. डोंगरावर चढणारा कळप एकच उरला होता, याच घरचा. विषय आणला होता त्याच्याच मावसभावानं. हा मावसभाऊ मधाच्या पेट्या ठेवायचा. त्याचं म्हणणं असं की डोंगरावर फूल म्हणून उरत नाही, माझ्या माश्या जगायच्या कशा?

तेव्हा वकील उभा राहिला आणि भर सभेत छाती ठोकून म्हणाला, "माझी गुरं डोंगर खातात की राखतात, ते मोजा की! आणा कोण मोजणारे असतील ते. मोजणीत आम्ही वाईट निघालो तर मी स्वतः दार लावून घेईन डोंगराचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मोजणारे खरंच आले. त्यांनी कागद पुढं केला आणि त्यानं त्यावर सही केली. खुंट्या हलवू नयेत, गवत कापू नये, खत टाकू नये, पाणी घालू नये. शेण उचलू नये असं त्यात कुठंही नव्हतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते आलं नसणार.

चौकट साफ केली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोजणीच्या बाई आल्या. मध्यम वयाच्या, उन्हानं रापलेल्या, हसऱ्या. त्यांनी चौकटीत पोकळ लोखंडी नळी ठोकून घेतली, पिळून वर काढली आणि तिच्यातली माती पिशव्यांत भरली. घण नवऱ्याच्या हातात होता. घण मारून मारून त्याच्या तळहातांना फोड आले, पण तो कुणाला हात लावू देईना. आपल्याच खटल्याचा पुरावा आपण गोळा करतोय, अशा थाटात तो चालला होता.

उतरल्यावर बाई ओट्यावर चहाला बसल्या. सासूबाईंना त्यांच्याशी वाद घालायला आवडायचं.

"मॅडम, खरं सांगा. आमच्या मुकादमिणीच्या ढेकरानं जग तापतं?"

"एकटीच्या नाही, आई. पण सगळ्या गाईंच्या मिळून, हो. गवत पोटात आंबतं ना त्यांच्या. त्याचा वायू होतो. ते खोटं नाही."

"आणि तुमची ती गाडी आली धूर सोडत, ती?"

"तीही तापवते." बाई हसल्या. "मी काही निर्दोष नाही."

"मग मोजायचं काय उरलं?" नवऱ्यानं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. तो ते पुन्हा पुन्हा ऐकायला विचारायचा.

"गाय हवेत किती सोडते ते आम्हाला ठाऊक आहे. माती हवेतला कर्ब आपल्या पोटात किती धरून ठेवते, ते बघायचंय. काही डोंगरांवर चरल्यामुळं माती उलट सुधारलीय. काही डोंगर मात्र वाया गेलेत. तुमचा कुठला, ते आता माती सांगेल."

"आमचा सुधारलेला निघणार," तो म्हणाला.

बाईंनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या, "एक मात्र आहे. इतक्या ठिकाणी जाते, पण तुमच्यासारखी स्वच्छ जागा कुठं बघितली नाही." हे त्या पहिल्या वर्षीही म्हणाल्या होत्या. ती तेव्हाही लाजली होती आणि आताही लाजली. सासूबाईंनी सुनेकडे अभिमानानं पाहिलं.

मग वाट बघणं आलं. दीड महिना. गवत रोज थोडं खाली बसत होतं. घराखालच्या पट्टीत चारा होता तो एका जनावरालाही धड पुरला नसता. डोंगर बंद झाला तर कळप जाणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण बोलायची गरजही नव्हती. ती दूध काढताना मुकाट्यानं मोजायची, अकरा. नवरा चहाच्या टपरीवर गेला की लोक म्हणायचे, "वकीलसाहेब, गुरांना सांगा, निकाल लागेपर्यंत ढेकर दाबून धरा." तो हसायचा. घरी आल्यावर हसायचा नाही.

एकदा मावसभाऊ वाटेत भेटला. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले.

"तुझ्यावर राग नाही रे माझा," मावसभाऊ म्हणाला. "पण माझ्या निम्म्या पेट्या ओस पडल्यात. मी कुणाकडं जाऊ?"

"मोजणीकडं जा. मी पण तिकडंच चाललोय," नवरा म्हणाला आणि पुढं निघाला.

निकालाची सभा शाळेत होती, दुपारी. पोरांना सुट्टी दिलेली. बाकांवर पुरुष, खाली सतरंजीवर बायका. पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. ती आणि सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. समोर फळ्यावर मोजणीच्या बाईंनी दोन उभे खांब काढले. एक उंच, एक बुटका.

"हा बंद चौकटीचा. तीन वर्षांत इथली माती सुधारली. आणि हा खुल्या चौकटीचा. इथली माती होती त्यापेक्षा खालावली."

मागून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. पण त्यात वाईट वाटण्यापेक्षा मजाच जास्त होती. अध्यक्ष म्हणाले, "काय वकीलसाहेब?"

नवरा उभा राहिला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता, आणि गळ्यापाशी तो त्याला घट्ट होत होता. "मी म्हणालो होतो मोजा. यांनी मोजलं. मला मान्य आहे." एवढं बोलून तो बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाई अजून फळ्यापाशीच होत्या. त्या जराशा अडखळत म्हणाल्या, "खरं सांगते, मला नवल वाटलं. इथं गुरं थोडी आहेत, फिरती आहेत. गुरं खातात त्यातलं बरंचसं शेणातून तिथंच परत पडतं, किडे ते मातीत नेतात. म्हणून अशा ठिकाणी माती सहसा टिकते. इथं तसं का झालं नाही, हे मला सांगता येत नाही."

तीन वर्षांच्या सगळ्या पाट्या तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांनाही कळलं होतं. मग तिनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. नवरा बाकावरून मागं वळून तिच्याकडेच बघत होता. त्यानं मान हलवली. अगदी थोडी. नको.

आता बोललं तर काय होईल, ते तिला दिसत होतं. हरल्यावर सबबी सांगतात म्हणतील. तो 'मान्य' म्हणून बसला, ते धुळीला मिळेल. पण गप्प बसलं तर उद्या गोठा रिकामा, आणि तोही एका खोट्या गोष्टीवर. ती उठली. सासूबाईंनी तिच्या लुगड्याचा काठ धरला होता, तो तिच्या उठण्याबरोबर त्यांच्या हातून सुटला.

"मॅडम, तिथलं शेण मी उचलत होते."

"किती?"

"सगळं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही येणार असलात की आदल्या दिवशी."

"पण का?"

"तुमचे बूट भरतील म्हणून."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी शाळा हसायला लागली. बाकांवरचे पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. ती उभीच होती. बसायचं कधी हे तिला कळेना. सासूबाईंनी सांगितलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. ते घरात राहू दे, असं तिला वाटलं.

मावसभाऊ हसला नाही. तो म्हणाला, "वहिनी, हे आजच आठवलं?"

"भावजी, शेण मोजतात हे मला आज कळलं."

मोजणीच्या बाई आपली वही काढून पानं उलटत होत्या. एक पान, दुसरं, तिसरं. त्यांचा चेहरा उतरला. "ताई खरं बोलताहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खेपेला मी लिहून ठेवलंय, शेण नाही. मला वाटलं, गुरं इथं फारशी फिरकत नसतील. मी विचारायला हवं होतं. इतक्या वेळा ओट्यावर चहा प्यायले, एकदा विचारायला हवं होतं."

"मग ही मोजणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"खुल्या चौकटीची बाद."

"म्हणजे डोंगर खुला?" नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "तसं कसं होईल? बाद म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. ठराव काय होता? गुरांनी नुकसान होत नाही असं मोजणीत दिसलं तर खुला. तसं दिसलेलं नाही."

तासभर घासाघीस झाली. बाई त्या घरासाठी भांडल्या, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी ठरलं ते असं. मोजणी पुन्हा करायची, पहिल्यापासून, तीन वर्षं. खुल्या चौकटीभोवती एक तुकडा आखायचा. त्या तुकड्याला झेपतील एवढीच, म्हणजे दोन गुरं त्यात चारायची. तीच दोन, तिन्ही वर्षं. राखण याच घरानं करायची. बाकीच्या कळपाला महिनाअखेरपासून डोंगर बंद. हे कबूल नसेल तर मोजणी नाही आणि डोंगर कायमचा बंद.

नवऱ्यानं सही केली. नव्या कागदात एक ओळ वाढली होती. शेण उचलू नये.

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. रागावलेला माणूस भांडी आपटतो, जेवण टाकतो. त्यानं तसलं काही केलं नाही. वेळेवर जेवला, वेळेवर धारा काढल्या, तिच्या हातातली जड बादली नेहमीसारखी काढून घेतली. फक्त बोलला नाही. तिला त्यापेक्षा दोन शिव्या चालल्या असत्या.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चूल पेटवून चहा केला आणि कप तिच्यापुढं ठेवला. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, तिला आयता चहा कधी मिळाला नव्हता. "पी," त्या म्हणाल्या. "गार होईल." दोघी समोरासमोर बसून प्यायल्या. त्या आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली, पण त्या कप विसळायला उठून गेल्या.

पाचव्या दिवशी ती गोठ्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो खाली बसून मुकादमिणीच्या खुरात अडकलेला खडा काढत होता.

"अहो, एकदाचं काय ते बोला. उचललं ते चुकलं माझं. बोलले ते चुकलं. काय चुकलं तेवढं तरी सांगा."

"उचललंस त्यात काय? मी रोज बघत होतो. मला तरी कुठं कळलं?"

"मग मान का हलवलीत?"

त्यानं खडा उपटून बाजूला टाकला. मग म्हणाला, "कायमचा बंद झाला असता तर एका दिवसात संपलं असतं. विकून टाकली असती सगळी, कुठंतरी कामाला गेलो असतो. आता तसंही करता येत नाही. दोन गुरांपायी तीन वर्षं इथं बसायचं. आणि समज, मोजणी आपल्या बाजूनं लागली. डोंगर उघडला. वर चढायला गुरं कुठून आणायची? ही नऊ परत येणार आहेत?"

ती म्हणाली, "खोट्यावर गेली असती ना पण."

"खऱ्यावर चाललीत," तो म्हणाला. तो चिडून बोलला नाही, आणि म्हणूनच तिला रडू आलं. त्यानं तिला रडू दिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

"व्यापारी परवा येतोय. दोन कुठल्या ठेवायच्या, तू सांग."

"मी?"

"माझ्यानं होणार नाही."

दोन दिवस ती गोठ्यात आत-बाहेर करत राहिली. प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि पुढं जायचं. सासूबाई म्हणाल्या, "एक तर मुकादमीण. तिच्याबद्दल विचारायचंच नाही." तिलाही तेच हवं होतं. पण तीच दोन जनावरं तिन्ही वर्षं टिकायला हवीत, असं कागदात होतं. मधेच एक मेलं तर मोजणी पुन्हा बाद. मुकादमिणीचे पुढचे दात झिजले होते. गेल्या थंडीत ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा तिला दोर लावून उठवावं लागलं होतं.

संध्याकाळी धार काढता काढता, त्याच्याकडे न बघता, तिनं सांगितलं, "कबरी. आणि तिची बहीण."

सासूबाईंनी दारातून ऐकलं. "आणि मुकादमीण?"

"ती तीन वर्षं पुरायची नाही, आई."

सासूबाई आत निघून गेल्या. नवऱ्यानं मान डोलवली. बादलीत दुधाची धार पडत राहिली. आपला हात कसा थांबला नाही याचं तिला मागाहून नवल वाटलं.

व्यापाऱ्याचा ट्रक सकाळी सडकेवर येऊन थांबला. घरापर्यंत तो चढत नसे, म्हणून गुरं खाली चालवत न्यायची होती. कबरी आणि तिची बहीण आत दावणीला बांधून ठेवली. बाकीच्यांची दावी नवऱ्यानं एकेक करून सोडली आणि दार उघडलं.

मुकादमीण बाहेर आली, नेहमीसारखी क्षणभर थांबली, वारा हुंगला आणि डावीकडं वळली. डोंगराच्या वाटेला. बाकीच्या आठ तिच्यामागे.

"अहो!" ती ओरडली.

नवरा धावला. अंगणाच्या कुंपणाला वळसा घालून, ठेचकाळत, त्यानं वाट गाठली आणि दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला. मुकादमीण थांबली. मागच्या आठ थांबल्या. आत बांधलेल्या दोघी हंबरायला लागल्या.

"चल," तो म्हणाला. "खाली चल."

मुकादमिणीनं त्याच्या छातीला कपाळ लावलं आणि हळूच ढकललं. तो थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. बाराही महिने हाच माणूस सकाळी तिला या वाटेनं वर घेऊन जात होता. तो एक पाऊल मागं सरकला, पण हात पसरलेलेच होते. तिनं पुन्हा ढकललं. तो आणखी सरकला. तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी त्याच्या सदऱ्याला घासत होती. असं करत करत ती त्याला चार पावलं चढावर घेऊन गेली.

खालून ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

"मार तिला एक," सासूबाई अंगणातून म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "अरे, मार. नाहीतर नाही वळायची ती."

काठी गोठ्याच्या दाराशी टेकवलेली होती. त्यानं काठीकडं पाहिलंही नाही. त्याचे हात तसेच पसरलेले, आणि चेहरा गाईच्या कपाळाशी. तो पुटपुटत होता, "नको ना गं. नको ना."

तिनं काठी उचलली. वाटेनं वर गेली, नवरा आणि गाय यांच्या मधे घुसली आणि मुकादमिणीच्या मानेवर मारली. काठी हाडावर लागली. तिच्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या.

मुकादमिणीनं तिच्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मार खाल्ला होता. मग ती वळली, अंगणावरून, सासूबाईंच्या समोरून, सडकेकडं चालायला लागली. तिच्यामागे बाकीच्या आठ वळल्या. त्यांच्यावर काठी उचलावी लागली नाही.